एकनाथांचे वाराणसीपर्व

वाराणसीत पंचगंगा घाटाच्या वरच्या अंगाला जे जुने मोहल्ले आहेत, त्यांत दूधविनायक हे नाव मराठी माणसाला विशेष परिचयाचे आहे. ब्रह्माघाट, दुर्गाघाट, दूधविनायक असा हा गल्ल्यांचा पट्टा, आणि त्यात पिढ्यान्‌पिढ्या नांदत आलेली महाराष्ट्रीय घराणी. अध्यापनाच्या निमित्ताने काही महिने या नगरीत राहण्याचा योग आला, तेव्हा या गल्लीतून घाटाकडे उतरताना एक प्रश्न पुनःपुन्हा मनात येई. येथील मराठी वस्तीची दाटी मुख्यतः पेशवाईच्या काळातली. एकनाथ या नगरीत आले ते त्याच्याही सुमारे दोनशे वर्षे आधी. मागे ना सरदारांचा आश्रय, ना वाडा, ना अन्नछत्र. बरोबर होती ती एका मराठी ग्रंथाची अपुरी पोथी. संस्कृत विद्येच्या या राजधानीने त्या पोथीस आपलेसे कसे केले?

या प्रश्नाचे उत्तर एकट्या काशीतल्या घटनांत मिळत नाही. त्यासाठी नाथांचे सारे चरित्रच पाहावे लागते. मात्र चरित्राच्या साधनांविषयी आरंभीच एक गोष्ट नमूद केली पाहिजे. महिपतींचे ‘भक्तविजय’ १७६२ मधले आणि ‘भक्तलीलामृत’ १७७४ मधले. म्हणजे नाथांच्या निधनानंतर दीडशेहून अधिक वर्षे लोटल्यावरचे. त्यांतील कथा घडल्या तशा नोंदल्या गेल्या असे मानण्याचे कारण नाही. पण एखाद्या भक्तसमुदायाला आपल्या सत्पुरुषाविषयी काय लक्षात ठेवावेसे वाटले, याचा त्यांच्याइतका विश्वासार्ह पुरावा दुसरा नाही. त्या दृष्टीनेच येथे त्यांचा उपयोग केला आहे.

एकनाथांचा जन्म पैठणचा, सोळाव्या शतकाच्या पूर्वार्धातला. पणजोबा भानुदास हे विठ्ठलभक्त; विजयनगरास गेलेली पंढरीची मूर्ती त्यांनी परत आणली, ही कथा वारकऱ्यांच्या घरोघरी ठाऊक आहे. वडील सूर्यनारायण आणि आई रुक्मिणी यांचे छत्र मुलाच्या अजाणत्या वयातच हरपले, आणि आजोबा चक्रपाणी यांनी त्याला वाढविले. मुलगा बुद्धिमान, एकाकी आणि फार प्रश्न विचारणारा असावा. वयाच्या बाराव्या वर्षाच्या सुमारास तो घरात कोणास न सांगता देवगिरीस निघून गेला.

देवगिरीस जनार्दनस्वामी होते. मुसलमान सुलतानाच्या चाकरीतला हा किल्लेदार पहाटे ध्यानास बसे आणि दिवस उजाडल्यावर किल्ल्याचा कारभार पाही. त्यांच्याकडे एकनाथ वेदान्त शिकले आणि हिशेबही शिकले. एका रात्री जमाखर्चात एका पैची चूक राहिली. ती सापडेपर्यंत शिष्य दिव्यापाशी बसून राहिला आणि सापडताच आनंदाने टाळी पिटता झाला, ही गोष्ट शालेय पुस्तकांनी गुळगुळीत केली असली तरी नाथांच्या पुढील वाङ्मयीन कार्याच्या दृष्टीने ती अर्थपूर्ण आहे. एका पैसाठी जागणारा हाच माणूस पुढे ज्ञानेश्वरीच्या पाठातील अक्षरासाठी जागणार होता.

देवगिरीची दुसरी कथा अधिक खोल आहे. जनार्दनस्वामींचे दैवत दत्तात्रेय. ते शिष्याला भेटले ते मलंगाच्या वेषात, बरोबर कुत्रा घेऊन. पैठणच्या कर्मठ घरात वाढलेला मुलगा प्रथम बिचकला. पण गुरू ज्याला वंदन करीत आहेत त्याच्याविषयी शंका घ्यायची नाही, एवढ्या विश्वासावर त्याने पुढे पाऊल टाकले, आणि मग त्याला ओळख पटली. ओळख आधी आणि विश्वास मागून, असा हा क्रम नाही. ज्याने पुढे ‘हिंदू-तुर्क संवाद’ रचला, महार, जोशी, गोंधळी यांच्या तोंडून भारुडे वदविली, त्याच्या मनाची घडण येथे झाली असे म्हणावयास हरकत नाही.

गुरूबरोबर नाथ त्र्यंबकेश्वरास गेले आणि तेथे गुरूच्या आज्ञेने त्यांनी चतुःश्लोकी भागवतावर मराठी टीका रचिली. पुढे तीर्थयात्रा करून ते पैठणास परतले. पण आजोबांच्या घरी न जाता गावाबाहेर राहिले. वृद्ध चक्रपाणींनी तोवर देवगिरीस जाऊन जनार्दनस्वामींचे पत्र आणून ठेवले होते. हे पत्र वाचाल तेथेच राहावे, असा त्यातला आदेश. पत्र वाटेतच हाती पडले, आणि नाथ त्याच जागी थांबले. पुढे गिरिजाबाईंशी विवाह झाला, संसार उभा राहिला, दोन मुली आणि एक मुलगा झाला. संन्यासाकडे झुकलेल्या या वृत्तीने गृहस्थाश्रम पत्करला तोही असा, गुरूच्या एका ओळीवर भरवसा ठेवून.

पैठण हे त्या काळी दक्षिणेतील धर्मनिर्णयाचे पीठ. देवगिरीच्या यादवांचे राज्य जाऊन अडीच शतके होत आली होती. १५६५ मध्ये विजयनगरही कोसळले. राज्य हातचे गेले की समाज आचाराला अधिक घट्ट धरून बसतो, हे इतिहासात अनेकदा दिसते. पैठणच्या ब्रह्मवृंदाची कठोरता केवळ दुराग्रहाची होती असे म्हणणे अन्यायाचे होईल. तिच्या तळाशी भय होते. अशा गावात नाथांनी श्राद्धासाठी शिजविलेले अन्न दारी आलेल्या अंत्यजांना वाढले. गावाने त्यांना वाळीत टाकले. प्रायश्चित्त मागितले, तेव्हा नाथांनी गोदेत स्नान करून ते घेतले.

या प्रायश्चित्ताने आधुनिक वाचक अस्वस्थ होतो. जे केले ते योग्यच होते, तर प्रायश्चित्त कशाचे? नाथांनी कृत्याचा पश्चात्ताप केल्याचे कोणतीही कथा सांगत नाही. त्यांनी समुदायाचा निर्णय करण्याचा अधिकार तेवढा मान्य केला. दोन्हींत अंतर आहे. समुदायाबाहेर पडून त्याला बदलण्याचा मार्ग त्यांनी घेतला नाही. आत राहून, त्याच्या शिक्षा अंगावर घेऊन, त्याचीच भाषा बोलत राहण्याचा मार्ग त्यांनी स्वीकारला. या मार्गाची मर्यादाही स्पष्ट आहे: ज्यांच्यासाठी पंगत मांडली त्यांचे गावातले स्थान त्या पंगतीने पालटले नाही. नाथांच्या समन्वयाची स्तुती करताना हे विसरू नये.

याच सुमारास भागवताच्या एकादश स्कंधावरील टीकेस आरंभ झाला. एकतीस अध्यायांचा हा स्कंध म्हणजे श्रीकृष्णाने निजधामास जाण्यापूर्वी उद्धवाला केलेला उपदेश. यादवकुळाच्या अंताच्या छायेत सांगितलेला. पहिले पाच अध्याय पैठणास झाले. परंपरा सांगते की या भागाची एक नक्कल कोणा यात्रिकाबरोबर काशीस पोहोचली आणि तो ती मणिकर्णिकेच्या परिसरात वाचीत बसे. तेथील एका मठाधिपती संन्याशाच्या शिष्याच्या कानी ते शब्द पडले. व्यासांचा ग्रंथ प्राकृतात आणि तोही संन्याशांच्या नगरीत! ग्रंथकर्त्याला बोलावणे गेले, आणि नाथ काशीस आले.

ते आले तेव्हा स्वामींनी त्यांचे मुखावलोकन करण्याचे नाकारले. मध्ये पडदा धरण्यात आला. पडद्याच्या एका बाजूस अधिकारी संन्यासी, दुसऱ्या बाजूस गृहस्थ कवी. मधून केवळ शब्द जात होते. श्लोकामागून श्लोकाचा अर्थ नाथ मराठीत सांगत गेले आणि काही काळाने पडदा दूर झाला. काही विद्वानांचा रोष मात्र शमला नाही. त्यांनी पोथी गंगेत टाकिली; गंगेने हात वर करून ती झेलली; आणि मग त्याच पंडितांनी ग्रंथाची मिरवणूक काढली, अशी कथेची समाप्ती आहे.

ही कथा एकटी नाही. तुलसीदासांच्या रामचरितमानसाची पोथी विश्वनाथाच्या मंदिरात शास्त्रग्रंथांच्या खाली ठेवली आणि प्रभाती ती सर्वांच्या वर आढळली, अशी कथा याच नगरीत सांगतात. पुढच्या शतकात देहूस इंद्रायणीने तुकारामांच्या वह्या परत दिल्या. तीनही कथांत शेवटचा निवाडा माणसे करीत नाहीत. नदी करते, देव करतो. चमत्कार बाजूस ठेवून पाहिले तर या रचनेमागे एक शहाणपण दिसते. पंडितांना हार पत्करणे शक्य नव्हते. गंगेचा कौल मानणे शक्य होते. ज्याचा आपल्याला धाक वाटतो असा बदल स्वीकारताना समुदायाला स्वतःचा मान राखण्याची वाट हवी असते, आणि कथा ती वाट मोकळी करून देते. पडद्याचेही तेच. पडदा म्हणजे नकार असे आपण समजतो. वस्तुतः ऐकण्याची सोय त्या पडद्यानेच केली.

कथांकडून आता ग्रंथाच्या साक्षीकडे वळू. येथे जमीन अधिक पक्की आहे. वाराणसीत नाथांनी आणखी एक रचना पूर्ण केली: ‘रुक्मिणीस्वयंवर’. तिचा समाप्तिकाल शके १४९३ ची रामनवमी, म्हणजे १५७१. भागवत टीका संपली ती शके १४९५ च्या कार्तिकी पौर्णिमेस, म्हणजे १५७३ मध्ये. दोन्ही तिथींमधले अंतर अडीच वर्षांहून अधिक आहे. टीका ज्या जागी पूर्ण झाली ती मणिकर्णिकेच्या तीरावरील पंचमुद्रा नामक पीठाची, असे ग्रंथाचा उपसंहारच सांगतो. सुमारे अठरा हजार आठशे ओव्यांचे हे काम आहे, आणि त्यातला मोठा भाग या नगरीत झाला.

या उपसंहारातील एका तपशिलाकडे अभ्यासकांचे लक्ष जावे तितके गेलेले नाही. नाथ ग्रंथसमाप्तीचा काल दोन गणनांनी देतात. प्रथम काशीत चालणारा विक्रम संवत १६३०. आणि नंतर स्वदेशाचा, गोदातीरीचा शालिवाहन शक १४९५. दोन्ही संवत्सरांची नावेही ते सांगतात. हिशेबी माणसाची ही काटेकोरी असेल. पण तिच्यात आणखी काही आहे. ज्या नगरीने आपल्याला ऐकून घेतले तिची कालगणना आधी, आपल्या मातीची मागून. आणि दोहोंपैकी कोणतीही न टाकता. भाषेच्या प्रश्नावरही त्यांची भूमिका हीच आहे. संस्कृताचा मान ते किंचितही कमी करीत नाहीत. हरिकथेच्या ठायी दोन्ही वाणींचे पावित्र्य सारखे, आणि देवाला भाषेचा अभिमान नाही, एवढेच त्यांचे प्रतिपादन आहे. भाषेसाठी भांडणाऱ्या कोणत्याही पक्षाला हे पुरेसे जोरकस वाटणार नाही. काशीच्या पंडितांना मात्र ते नाकारणे अवघड गेले असावे.

विक्रम संवत १६३० ची कार्तिकी पौर्णिमा सरली. संवत १६३१ च्या चैत्र नवमीस अयोध्येत तुलसीदासांनी मानस आरंभिले आणि त्याचा पुढील भाग काशीत रचला गेला. एका रामनवमीस मराठी स्वयंवरकाव्य संपते, तीन वर्षांनंतरच्या रामनवमीस अवधी रामकथा सुरू होते, आणि दोन्ही कवींचा संबंध एकाच घाटांच्या रांगेशी. प्रभावाचा प्रश्न येथे उपस्थित करण्याचे कारण नाही. हवा सारखी होती, इतके पुरे. त्याच शतकात जगन्नाथ दासांनी पुरीस ओडिया भागवत रचले. पंडितांनी तेल्यांचे भागवत म्हणून त्याची हेटाळणी केली आणि ओडिशाच्या गावोगावी त्याच्या वाचनासाठी भागवतटुंगी उभ्या राहिल्या. आसामात शंकरदेवांना भागवताच्या प्रसारासाठी राजदरबारी जाब द्यावा लागला. संस्कृत भागवत देशी भाषांत उतरण्याची ही एकच मोठी घडामोड आहे, आणि वाराणसी तिच्यातील एक ठाणे आहे.

काशीच्या विद्वत्सभेविषयीही थोडे न्यायाने बोलले पाहिजे. ती सभा म्हणजे एकसंध कर्मठांची फळी अशी जी प्रतिमा आपल्या चरित्रपर लेखनात आणि नाटक-चित्रपटांत रूढ झाली, ती पुरती खरी नाही. नाथांच्या काळी तेथे धर्मशास्त्राचे अग्रणी होते ते नारायणभट्ट. त्यांचे वडील रामेश्वरभट्ट हे मूळचे पैठणचेच. तेथून येऊन ते काशीत स्थिरावले होते. याच घराण्यात पुढे ‘निर्णयसिंधु’कार कमलाकरभट्ट आणि शिवराज्याभिषेकाचे गागाभट्ट झाले. म्हणजे पैठण आणि काशी यांच्यात येजा होती, नाती होती, विद्येची देवघेव होती.

या नारायणभट्टांनी ‘त्रिस्थलीसेतु’ ग्रंथात एका कठीण प्रश्नाचा निर्णय दिला आहे. आक्रमणांत विश्वेश्वराचे लिंग हलविले गेले आणि त्या जागी दुसरे बसविले गेले, तर यात्रिकाने काय करावे? भट्टांचे म्हणणे असे की कालगतीने जे लिंग तेथे असेल त्याचीच पूजा करावी. आणि लिंगच नसले तरी स्थानाला नमस्कार-प्रदक्षिणा करून यात्रा पुरी करावी. शास्त्राच्या कोरड्या परिभाषेत सांगितलेला हा निर्णय केवढ्या वेदनेतून आला असेल! ज्या नगरीचे श्रेष्ठ शास्त्रज्ञ मूर्तीवाचूनही श्रद्धा टिकू शकते असे सांगत होते, त्याच नगरीत एक गृहस्थ कवी संस्कृतावाचूनही भागवत टिकू शकते असे दाखवीत होता. दोघांनी दोन दिशांनी एकाच प्रश्नाला हात घातला होता. विश्वनाथाचे मंदिर नारायणभट्टांच्या पुढाकाराने पुन्हा उभे राहिले ते १५८५ च्या सुमारास. तोवर नाथांना पैठणास परतून दशक लोटत आले होते.

पैठणास आल्यावर नाथांनी जे सर्वांत महत्त्वाचे काम केले ते ज्ञानेश्वरीच्या पाठशुद्धीचे. शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ मध्ये, ते पूर्ण झाले. ज्ञानेश्वरांनी स्वप्नात येऊन अजानवृक्षाची मुळी कंठाला लागल्याचे सांगितले आणि नाथ आळंदीस गेले, हा प्रसंग प्रसिद्धच आहे. आपल्या दृष्टीने लक्षणीय आहे ती अखेरीस त्यांनी घातलेली ताकीद: या ग्रंथात यापुढे कोणी स्वतःची ओवी मिसळू नये. ज्याने भागवताला नवी भाषा दिली तोच येथे जुन्या ग्रंथाच्या अक्षरावर पहारा बसवितो. यात विसंगती पाहणारे टीकाकार आहेत. मला ती दिसत नाही. नवे करावयाचे तर ते आपल्या नावाने करावे, जुन्याच्या पोटात शिरून करू नये, असा हा प्रामाणिकपणा आहे. आणि देवगिरीची ती हरवलेली पैही येथे आठवते.

नाथांची खरी कसोटी मात्र काशीच्या मठात वा पैठणच्या ब्रह्मसभेत लागली नाही. ती घरात लागली. मुलगा हरिपंडित व्युत्पन्न शास्त्री निघाला. बापाने प्राकृतात पुराण सांगावे, कोणाच्याही घरी अन्न घ्यावे, हे त्याला सोसेना. तो घर सोडून गेला, आणि गेला तोही काशीस. ज्या नगरीने बापाच्या मराठी भागवताला मान दिल्याचे परंपरा सांगते, तिच्यातच मुलाला बापाच्या विरोधातले शास्त्र सापडले. नगरी एकच होती. तिच्याकडे जो जे मागावयास जाई ते तिच्याजवळ होते.

वृद्धापकाळाकडे झुकलेले नाथ मुलाला परत आणण्यासाठी पुन्हा काशीस गेले. हरिपंडितांनी दोन अटी घातल्या: पुराण संस्कृतातच सांगावे आणि परान्न घेऊ नये. नाथांनी दोन्ही मान्य केल्या.

त्या दोन अटींनी आयुष्यभराचे काम मिटत होते. मोठ्या सभेत लढून मिळविलेले त्यांनी मुलाच्या शब्दावर सोडून दिले. पुराण सांगण्यास आता हरिपंडित बसू लागले. श्रोते पांगले. नाथ मात्र त्या ओस पडत चाललेल्या सभेत श्रोता होऊन बसले. महिपतींच्या कथनात त्यांच्या तोंडी तक्रारीचा एक शब्द नाही.

कथा पुढे सांगते की गावातील एका गरीब स्त्रीने सहस्र ब्राह्मणांना भोजन घालण्याचा संकल्प केला होता आणि तो पुरा करण्याची ऐपत तिला उरली नव्हती. एका ब्रह्मनिष्ठाला जेवू घातले तर संकल्प पुरा होईल, असे तिला सांगण्यात आले, म्हणून ती नाथांना बोलवावयास आली. परान्नाची अट आड आली. अखेर हरिपंडितांनी तडजोड काढली: त्या घरी आपण स्वतः स्वयंपाक करू, मग वडिलांनी जेवावे. तसे झाले. भोजनोत्तर नाथांनी मुलाला आपली पत्रावळ उचलावयास सांगितले. त्याने एक उचलली, खाली दुसरी. ती उचलली, तिच्याखाली आणखी एक. सहस्र पत्रावळी मोजून होईपर्यंत शास्त्र्याचा हात चालत राहिला आणि अभिमान उतरत गेला. त्यानंतर त्याने स्वतःच बापाला पुन्हा मराठीत पुराण सांगण्याची विनंती केली.

या कथेतील चमत्कार साधा आहे. तिची मांडणी मात्र विलक्षण. मुलाचे परिवर्तन वादविवादाने होत नाही. त्याने घातलेली अट पाळली जाते, त्याच्याच हातचे अन्न खाल्ले जाते, आणि त्याच्याच हातांना मोजावयास लावले जाते. बापाने आपला हट्ट आधी सोडला, म्हणून मुलाला आपला सोडता आला. काशीच्या पडद्याआड बसून नाथांनी जी रीत अनुभविली होती तीच घरात वापरली, असे म्हटले तर ते अगदीच कल्पनेचे होणार नाही.

कार्तिकात पंचगंगेवर आजही आकाशदीप उजळतात आणि अहिल्याबाईंच्या नावाने ओळखला जाणारा दगडी हजारा पौर्णिमेस ज्योतींनी भरून जातो. दूधविनायकाच्या गल्लीतून ती गर्दी घाटाकडे उतरताना पाहावी. मराठी आणि बनारसी बोली एकमेकींत मिसळलेली ऐकू येते. त्याच तिथीस, येथून थोडे दक्षिणेला, मणिकर्णिकेवर एकादश स्कंधाची अखेरची ओवी लिहिली गेली होती.

शके १५२१ च्या फाल्गुन वद्य षष्ठीस एकनाथांनी पैठणास गोदेत देह ठेवला. तेव्हा ‘भावार्थरामायण’ हाती होते आणि युद्धकांडाच्या चव्वेचाळीस अध्यायांपर्यंत आले होते. ते पुरे कोणी करावे? घरात काशीहून शिकून आलेला मुलगा होता. नाथांनी नाव घेतले ते गावबाचे. पुरणपोळीच्या ओढीने त्यांच्या घरी येऊन राहिलेला, मंदबुद्धी समजला गेलेला हा पोरगा. पुढील अध्याय त्याने लिहिले.